कुठे उतरणार? लोकलच्या गर्दीत सीट मागायची, द्यायची आणि सोडायची रीत

मुंबईच्या लोकलमध्ये सीट कोणाच्या मालकीची नसते. ती अमुक स्टेशनापासून तमुक स्टेशनापर्यंत आपल्या ताब्यात असते, एवढंच. म्हणून आत शिरल्यावर पहिला प्रश्न ‘जागा आहे का?’ असा कोणी विचारत नाही. जागा नसते हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रश्न असतो, ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नाला खरं आणि वेळेवर उत्तर मिळालं की डबा गुण्यागोविंदाने चालतो. ते खोटं किंवा उशिरा मिळालं की भांडण होतं. डब्यातली बहुतेक भांडणं धक्क्यावरून पेटतात असं वाटतं, पण मुळाशी गेलं तर कोणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, एवढंच सापडतं.

खालची रीत मध्य रेल्वेच्या कल्याण–सीएसएमटी प्रवासाला धरून लिहिली आहे. पश्चिम रेल्वे आणि हार्बरवर स्टेशनांची नावं बदला, बाकी तेच.

गाडी कोणती पकडायची, इथूनच सौजन्य सुरू होतं

इंडिकेटरवर गाडीच्या वेळेशेजारी दोन खुणा असतात. एक शेवटच्या स्टेशनाची (के म्हणजे कल्याण, एन म्हणजे कसारा, एस म्हणजे कर्जत) आणि दुसरी ती जलद की धीमी याची. संध्याकाळी सीएसएमटीहून निघालेली कसारा लोकल सुमारे १२० किलोमीटर जाते, कर्जत लोकल १००. या गाड्या मोजक्याच असतात, आणि कसारा, नेरळ, कर्जतच्या माणसाला त्याशिवाय फारसा पर्याय नसतो. ठाण्याच्या माणसाला ठाणे लोकल आहे, कल्याण लोकल आहे, वाटेत ठाण्याला थांबणारी प्रत्येक गाडी आहे. तेव्हा त्याने पाच-सात मिनिटं थांबून जवळची गाडी घ्यावी, लांबची लांबच्यांना सोडावी. विरार फास्टमध्ये बोरिवलीकर चढला की डब्यात जी कुरकुर ऐकू येते ती यावरूनच.

मात्र हा सौजन्याचा भाग झाला, हक्काचा नव्हे. ज्याच्याकडे त्या वर्गाचं तिकीट किंवा पास आहे तो गाडी थांबेल त्या कुठल्याही स्टेशनावर चढू शकतो. दरवाज्यात आडवं उभं राहून ‘ही तुमची गाडी नाही’ म्हणत एखाद्याला चढू न देणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १५५ खाली गुन्हा आहे. नाराजी मनात ठेवा, दरवाजा अडवू नका.

‘रिटर्न’ येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. डोंबिवलीचा माणूस सीट मिळावी म्हणून उलट दिशेने कल्याणला जातो, आणि तीच गाडी परत सुटताना आत बसलेला असतो. यात गैर काही नाही, पण दोन गोष्टी चुकतात. पहिली पासाची. डोंबिवली–सीएसएमटी पास कल्याणपर्यंत चालत नाही. तेवढ्या टप्प्यासाठी तुम्ही विनातिकीट ठरता आणि तिकीट तपासनीस नेमका तिथेच भेटतो. पास कल्याणपासूनचा काढा. दुसरी चूक म्हणजे मित्रांसाठी रुमाल, छत्री, डबा टाकून सीटा अडवणं. गाडी जिथून सुटते तिथला माणूस अर्धा तास आधी येऊन रांगेत उभा असतो, त्याला रिकाम्या सीटवर रुमाल बसलेला दिसला तर तो चिडणारच. स्वतःपुरती सीट घ्या. रुमालाकडे पास नसतो.

संध्याकाळच्या परतीला परळ-दादरच्या माणसांनी २०१९पासून परळहून सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक जवळ ठेवावं. दादरच्या गर्दीत सीट मागण्यापेक्षा एक स्टेशन मागे जाणं कधीही सोपं.

चढताना

गाडी पूर्ण थांबायच्या आत खांद्यावरची सॅक काढून पोटाशी घ्या किंवा हातात खाली धरा. पाठीवरची सॅक ही मागे तोंड नसलेली दुसरी व्यक्तीच असते: तुम्ही वळलात की ती बसलेल्याच्या चष्म्याला लागते, आणि दरवाज्यात असाल तर गाडीबाहेर येते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दरवाज्यांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, काहींचे जीव गेले. दरवाज्यात सॅक पाठीवर असणं हा शिष्टाचाराचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

दरवाज्याच्या दोन्ही कडांना उभं राहा, मधली वाट उतरणाऱ्यांना मोकळी ठेवा. मधल्या स्टेशनावर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. उतरणारे दहा-बारा सेकंदांत मोकळे होतात, जर समोरून कोणी घुसलं नाही तर. घुसलं की दोन्ही प्रवाह अडतात आणि शेवटी चढायचे चार जण प्लॅटफॉर्मवरच राहतात. म्हणजे आधी घुसणाऱ्याला फायदा होतो आणि तोटा त्याच्या मागच्याला. जिथे गाडी संपते तिथे तर, विशेषतः सकाळी सीएसएमटीहून उलट दिशेला जाणाऱ्या मंडळींकडून, गाडी थांबायच्या आत उड्या पडतात. आत उतरायला उभी असलेली पन्नास माणसं आणि खिडकीकडे झेपावणारी वीस, यात पडतं कोण तर हातात डबा आणि पायात नवी चप्पल असलेलं कोणीतरी तिसरंच.

चढलात की लगेच आत चला. दरवाज्याजवळची गर्दी बघून डबा भरलाय असं वाटतं. दोन्ही बाकांच्या मधली जागा मात्र बऱ्याचदा अर्धी रिकामी असते. ‘आत चला’ असं ओरडण्यापेक्षा ‘दादा, मी ठाण्याला उतरणार, मला आत जाऊ द्या’ असं म्हटलं की वाट होते. लांबचा माणूस आत जातोय हे ऐकून दरवाज्यातल्यालाही बरं वाटतं.

आत कुठे उभं राहायचं

सेकंड क्लासमध्ये समोरासमोर दोन बाकं असतात, प्रत्येकावर तीन सीटा. म्हणजे सहा माणसं, आणि चौथी सीट धरली तर आठ. या दोन बाकांच्या मधल्या बोळात चार-पाच जण उभे राहतात. जो आधी आला तो खिडकीच्या बाजूला आत जातो, मागाहून येणारे पॅसेजकडे. इथे एक नियम न बोलता पाळला जातो: सीट रिकामी झाली तर तिच्या समोर उभा असलेल्याची. म्हणून लांबचा प्रवास असेल तर बोळात खिडकीपर्यंत शिरा. जवळचा असेल तर पॅसेजमध्येच थांबा. दोन स्टेशनांसाठी खिडकीपाशी जाऊन उभं राहिलात तर उतरताना चार जणांच्या पायांवरून परत यावं लागतं, आणि सीटची गरज नसताना तिच्या तोंडाशी उभं राहून दुसऱ्याची संधी अडते ती वेगळीच.

उभं राहताना तोंड बसलेल्याकडे असेल तर बॅग त्याच्या गुडघ्यांच्या खाली, नाकासमोर नाही. हँडल पकडायला हात वर गेला की काख कोणाच्या चेहऱ्याशी येते ते एकदा बघा. वरच्या दांड्याला धरलेला हात कोपरात वाकवून शरीराजवळ ठेवला तर शेजाऱ्यालाही दांडा मिळतो. फोन चाळायचाच तर छातीशी धरा, आणि आवाज फक्त तुमच्या कानात जाऊ द्या. सकाळी सव्वाआठला रील ऐकण्याची इच्छा शेजारच्या पन्नास जणांना नसते.

सीट सांगणं

आता मुख्य विषय. ‘सीट सांगणं’ म्हणजे बसलेल्याकडून तो उतरल्यानंतरची जागा आधीच कबूल करून घेणं. लेडीज डब्यात हे शास्त्र पूर्णत्वाला पोचलेलं आहे. जेन्ट्समध्ये अजून बराचसा कारभार ‘समोर उभा त्याची’ यावरच चालतो. दोन पद्धती एकत्र आल्या की गोंधळ होतो, म्हणून क्रम नीट पाहा.

१. आधी अंदाज घ्या. ज्याने बॅग वर रॅकवर टाकून डोळे मिटलेत, तो शेवटपर्यंतचा. ज्याची बॅग मांडीवर आहे, चेन लावलेली आहे आणि नजर खिडकीबाहेर जाते आहे, तो जवळचा. अंदाज चुकू शकतो, पण निदान झोपलेल्याला हलवून ‘कुठे उतरणार’ विचारायची वेळ येत नाही. झोपलेल्याला सीटसाठी उठवू नये. त्याच्या शेजाऱ्याला विचारा. रोजचा असेल तर शेजाऱ्याला माहीत असतं.

२. एकालाच विचारा, नजरेला नजर देऊन. ‘ताई, कुठे उतरणार?’ आख्ख्या बाकाला उद्देशून ‘कोणी उतरणार आहे का?’ म्हटलं तर सगळे फोनमध्ये बघतात.

३. ‘घाटकोपर’ असं उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न: ‘कोणाला सांगितलीय का?’ हा प्रश्न न विचारणं ही सगळ्यात नेहमीची चूक. स्टेशन कळलं म्हणजे सीट मिळाली असं नाही.

४. ‘नाही’ म्हणाल्या तर, ‘मग मी बसते हं’ असं आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. हा आवाज महत्त्वाचा. शेजारच्या दोघी साक्षीदार होतात, आणि नंतर तिसरी कोणी आली तर त्याच सांगतात, ‘अहो, यांना सांगितलीय.’

५. हाताच्या अंतरावर थांबा. सीट सांगून दरवाज्यात वारा खायला गेलात तर ती सीट तुमची राहत नाही. घाटकोपरला तुम्ही गर्दी कापत परत येईपर्यंत तिथे दुसरं कोणी बसलेलं असेल, आणि ते बरोबरच असेल.

६. एका वेळी एकच सीट सांगा. तिघींना विचारून ज्या आधी उतरतील त्यांची घेऊ, असं केलं तर दोन सीटांवरून विनाकारण तंटा होतो. दुसरीकडे आधी जागा मिळालीच तर सांगितलेली सीट मोठ्याने सोडा: ‘मला मिळाली, ती तुम्ही घ्या.’

बसलेल्याचीही काही कामं असतात. स्टेशन खरं सांगायचं. ‘शेवटपर्यंत’ असं टाळण्यासाठी म्हणून मग मुलुंडला उठून गेलात तर तुमच्यासमोर पाऊण तास उभा असलेला माणूस उद्या तुम्हाला ओळखतो; रोजच्या गाडीत चेहरे तेच असतात. एकच सीट दोघांना कबूल करू नका. दुसऱ्याने विचारलं तर ‘सांगितलीय’ एवढ्यावर न थांबता बोट दाखवून ‘या निळ्या ड्रेसवाल्या ताईंना’ असं सांगा. बेत बदलला, कुर्ल्याऐवजी दादरला जायचं ठरलं, तर त्याच क्षणी सांगा. समोरच्याला त्या वेळात दुसरी सीट शोधता येते.

संध्याकाळच्या बदलापूर फास्टच्या लेडीज डब्यात ही साखळी तीन-तीन पायऱ्यांची होते. खिडकीतली घाटकोपरला उतरणार, तिची सीट ठाण्याच्या बाईंनी सांगितलेली, आणि ठाण्याच्या बाईंकडून ठाण्याच्या पुढची आधीच डोंबिवलीच्या मुलीला डावलून अंबरनाथच्या मावशींनी घेतलेली. अजून सीएसएमटी सुटलेलं नसतं. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण यात एक हिशेब आहे: एका सीटवर तीन जणी बसतात आणि प्रत्येकीला आपली पाळी कधी येणार ते माहीत असतं. वाट पाहणं माहितीसकट असलं की सुसह्य होतं.

उठायची वेळही ठरलेली असते. जलद गाडीत आधीचा थांबा सुटला की उठा. धीम्या गाडीत दोन स्टेशनं आधी. त्याहून लवकर उठलात तर बोळात एक माणूस उगाच वाढतो. उशिरा उठलात तर तुम्ही आणि बसणारा एकाच जागी एकाच वेळी असता. अदलाबदल अशी होते: बसलेला आधी समोरच्याला ‘या’ म्हणतो, गुडघे पॅसेजच्या दिशेने वळवतो आणि त्याच बाजूला अर्धं पाऊल टाकत उठतो. बसणारा खिडकीच्या बाजूने त्याच्या पाठीमागे सरकतो. दोघांची पाठ एकमेकांना लागते, पण सीट एक सेकंदही उघडी राहत नाही. उघडी राहिली की तिसरा बसतो.

खिडकीतला माणूस उतरला तर? बाकावरच्यांचा पहिला मान. मधला खिडकीत सरकतो, तिसरा मध्ये, आणि सीट सांगितलेल्याला कडेची जागा मिळते. ‘मी खिडकी सांगितली होती’ हा दावा चालत नाही. सांगितलेली असते ती बाकावरची एक जागा. मात्र कोणी सरकणार नसेल तर खिडकी नव्याची. ‘तुम्ही सरकताय का?’ एवढं विचारून बसावं.

आणि दोघे जण एकाच सीटवर हक्क सांगू लागले, उठणारा तर केव्हाच उतरून गेला? साक्षीदार सांगतील ते धरा. साक्षीदार नसतील तर समोर उभा होता त्याची. तरी मिटलं नाही तर आलटून पालटून बसा: ‘तुम्ही ठाण्यापर्यंत, मग मी.’ ही तडजोड पहिल्याने सुचवली तर दुसरा बहुधा आधी तुम्हालाच बसा म्हणतो.

चौथी सीट

तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देणं ही नवख्याला मेहेरबानी वाटते. सेकंड क्लासमध्ये गर्दीच्या वेळी ती रीत आहे. ‘जरा सरकता का’ म्हटल्यावर तिघांनी सरकायचं असतं. फर्स्ट क्लासमध्ये तिचा रिवाज कमी, तिथे मागून बघा पण धरून बसू नका. लहान मुलाला घेऊन बसलेली बाई, प्लास्टरमधला पाय, पोटुशी स्त्री बाकावर असेल तर चौथी सीट मागू नये. पुढचा बाक बघा.

ती बसते कशी ते पाहा. तीन माणसांचे खांदे सरळ रेषेत असतील तर चौथा मावतच नाही, कारण अडतात ते खांदे, कंबर नाही. म्हणून खिडकीतला मागे टेकतो, दुसरा किंचित पुढे येतो, तिसरा मागे टेकतो. खांदे एकाआड एक झाले की कडेला वीतभर फळी मोकळी होते. चौथ्याने त्यावर तिरकं टेकायचं: एका मांडीवर भार, बाहेरचा पाय पॅसेजमध्ये रोवलेला, पाठ तिसऱ्याच्या दंडाकडे नव्हे तर पॅसेजकडे. ही बसायची नाही, टेकायची जागा आहे. टेकल्यानंतर थोडं थोडं आत रेटत जाणं हा चौथ्या सीटवरचा सगळ्यात मोठा अपराध. गाडीच्या धक्क्याने आपोआप जेवढं सरकेल तेवढंच आपलं.

बाहेर काढलेला पायही जपून ठेवावा लागतो. पॅसेजमधून कोणी जाताना तो आत घ्यायचा. पाच मिनिटांनी पाय भरून येतो, मग उठून उभं राहावं आणि समोरच्या उभ्या माणसाला ‘टेकता का थोडं?’ विचारावं.

बाकीच्या तिघांसाठी: मांड्या फाकवून बसू नका, मांडीवरची बॅग उभी धरा, आडवी नाही. वर्तमानपत्र वाचणारे आता कमी झाले, पण जे आहेत त्यांच्याकडून घडी शिकण्यासारखी असते. उभी दुमड, मग पुन्हा उभी, एका वेळी एकच रकाना, पान उलटताना कोपर अंगाबाहेर जात नाही.

बॅग, छत्री, खिडकी

उभ्या माणसाने बसलेल्याला ‘बॅग वर ठेवता का?’ म्हणून देणं आणि त्याने ती ठेवणं हे इतकं रुळलेलं आहे की कोणी आभारही मानत नाही. देण्याआधी चेन लावा, पट्टे आत खोचा (लोंबता पट्टा उतरणाऱ्याच्या मानेत अडकतो), आणि पाण्याची बाटली बाजूच्या खिशातून काढून घ्या. लॅपटॉप असेल तर सांगा, म्हणजे वर दुसरी बॅग फेकली जाणार नाही. देताना आपलं स्टेशन सांगा आणि उतरायच्या एक थांबा आधी परत मागा.

कोणाची बॅग आहे हे आजूबाजूला माहीत असणं गरजेचं आहे. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर लोकलच्या फर्स्ट क्लास डब्यांमध्ये सात स्फोट झाले, तेव्हापासून रॅकवरची बेवारस बॅग ही डब्याच्या छातीत धडकी भरवणारी गोष्ट आहे. बॅग एका बाकावर आणि तुम्ही तिसऱ्या बाकापाशी, असं करू नका. आणि ‘ही बॅग कोणाची?’ अशी हाक आली की कानातलं काढून लगेच हात वर करा. कोणीच हात वर केला नाही तर बॅगेला हात न लावता १३९ला फोन करा.

पावसाळ्यात ओली छत्री रॅकवर ठेवली की खाली बसलेल्याच्या मानेवर ठिबक सिंचन सुरू होतं. छत्री चढायच्या आधी झटकून मिटा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पायाशी, बाकाखाली ठेवा. रेनकोट असेल तर प्लॅटफॉर्मवरच काढून ओली बाजू आत करून गुंडाळा. रेनकोट घालून बसलेला माणूस उठल्यावर मागे जे तळं उरतं त्यात नवा माणूस बसतो.

खिडकीचा निर्णय खिडकीतल्याचा, हे उन्हाळ्यात ठीक. पावसात मात्र झड समोरच्या बाकावरच्याला जास्त लागते, कारण वारा गाडीच्या उलट दिशेने येतो आणि गाडीच्या दिशेने तोंड करून बसलेला भिजतो. खिडकी बंद करायची का हे त्याला विचारा. पूर्ण बंद केली की बोळात उभे असलेले घुसमटतात. चार बोटं उघडी ठेवणं हा बहुतेक डब्यांत मान्य झालेला तोडगा आहे.

समोरच्या सीटवर पाय ठेवणं, संध्याकाळी भाजी निवडून देठं बाकाखाली टाकणं, यावर वेगळं काय सांगायचं. भाजी निवडायला कोणाची ना नाही. दुसरी पिशवी आणा.

ज्याला खरंच गरज आहे त्याला जागा देताना

इथे चांगल्या मनाचे लोक एक चूक हमखास करतात: आधी उठतात, मग बोलावतात. म्हातारे आजोबा तीन माणसांच्या पलीकडे असतात, तुम्ही उठताक्षणी समोरचा बसतो, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. त्याला माहीतच नसतं. तेव्हा बसल्या जागेवरून हाक मारा, ‘आजोबा, इकडे या, बसा.’ ते वाटेला लागले, समोरच्यांनी वाट दिली, ते हाताशी आले की मग उठा.

मागणाऱ्यानेही स्पष्ट मागावं. तिसऱ्या महिन्यातली गरोदर बाई दिसून येत नाही, पण तेव्हाच जास्त मळमळतं. चक्कर येणाऱ्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. एका माणसाकडे बघून, कारणासकट: ‘दादा, मला उभं राहवत नाहीये, थोडा वेळ बसू द्याल?’ याला नाही म्हणणारा माणूस क्वचित सापडतो. उलट त्याच्याकडे रागाने बघत उभं राहिलं तर तो वर बघतच नाही.

गरोदर स्त्रिया आणि कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. सोबत डॉक्टरांचा कागद ठेवावा, कारण पोलिस विचारतात. त्या डब्यात रिकामी जागा दिसली म्हणून धडधाकट माणसाने शिरणं कायद्याने गुन्हा आहेच. सेकंड क्लासच्या काही सीटांवर ज्येष्ठ नागरिकांची पाटी असते. तिथे बसायला हरकत नाही, पण ज्येष्ठ माणूस दिसला की त्याने मागायची वाट न पाहता उठायचं. बायकांसाठीचे काही डबे चोवीस तास राखीव असतात, काही ठरावीक वेळेपुरते. दरवाज्याशेजारच्या पाटीवर वेळ लिहिलेली असते, ती वाचून चढा.

हाक काय मारायची हाही नाजूक प्रश्न. दाढी पिकलेल्याला ‘काका’ चालतं, चाळिशीच्या माणसाला ‘दादा’ म्हणा. बायकांना सरसकट ‘ताई’. ‘काकू’ म्हणून सीट मागितली तर ती मिळण्याची शक्यता निम्मी होते. मराठी कळत नसेल तर ‘किधर उतरोगे?’ सगळ्या डब्याला कळतं.

ग्रुप

रोज एकाच गाडीचा, एकाच डब्याचा, एकाच दरवाज्याचा ग्रुप असतो. भजन असतं, पत्ते असतात, वाढदिवसाला वडे येतात. दसऱ्याच्या आधी डबा झेंडूच्या माळांनी सजवून पूजा होते, तेव्हा त्या डब्यात चढलेल्या अनोळखी माणसालाही प्रसाद मिळतो. तोच अनोळखी माणूस एरवीच्या मंगळवारी त्यांच्या ‘ठरलेल्या’ सीटवर बसला तर मात्र सूर बदलतो. ठरलेली सीट अशी काही गोष्ट लोकलमध्ये नाही. ग्रुपमधल्यांनी आपापसात वाटून घेणं उत्तम, आणि चांगले ग्रुप ते करतात: कल्याणहून बसून आलेला ठाणे किंवा घाटकोपर सोडलं की उठतो आणि डोंबिवलीला उभा चढलेला बसतो. पण ती देवाणघेवाण ग्रुपने मिळवलेल्या सीटांपुरतीच. मध्ये एखादा बाहेरचा बसलेला असेल तर त्याच्या डोक्यावरून गप्पा मारत त्याला उठवायचा प्रयत्न करू नये. त्याला विचारा, ‘तुम्ही तिकडे खिडकीत बसता का? आम्ही एकत्र बसतो.’ चांगली सीट देऊन मागितलं तर कोणीही उठतो.

भजनाच्या डब्यात कोणाला झोपायचं असेल, डोकं दुखत असेल, तर त्याने पुढचा डबा घ्यावा. पण भजनकऱ्यांनी टाळ बोळात उभ्या माणसाच्या कानाशी वाजवू नयेत, एवढी अपेक्षा विठोबाचीही असेल.

भांडण पेटलंच तर शेजाऱ्यांचं काम एकच: दोघांमध्ये शरीराने उभं राहणं. कोण बरोबर हे ठरवत बसू नका आणि फोन काढून चित्रीकरण करू नका, त्याने दोघांनाही माघार घेता येत नाही. मारामारीपर्यंत गेलं तर पुढच्या स्टेशनावर उतरवा, लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक १५१२. साखळी ओढू नका. मागच्या चार गाड्या खोळंबतात आणि पोलिस त्याने लवकर येतात असंही नाही.

उतरताना

उठलात, बॅग घेतली. आता समोरच्या पाठीला विचारा: ‘दादर उतरणार?’ हो म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा. नाही म्हणाला तर बाजू बदला, तो आत, तुम्ही पुढे. मग पुढच्याने त्याच्या पुढच्याला विचारायचं. दरवाज्यापर्यंत अशी रांग लागली की गाडी थांबल्यावर ढकलावं लागत नाही. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हे गाडी जलद की धीमी यावर बदलतं, तेव्हा माहीत नसेल तर दोन थांबे आधी विचारून घ्या. चुकीच्या दरवाज्याशी उभं राहिलेला माणूस आयत्या वेळी सगळ्या रांगेला आडवा जातो.

ज्याला दादरला उतरायचं नाही त्याने दादर येण्याआधी दरवाज्यातून आत जावं. तिथे राहिलात तर लोंढ्याबरोबर प्लॅटफॉर्मवर याल. तसं झालं तर विरोध करत दांड्याला लटकू नका, मनगट पिरगळतं. उतरा, दरवाज्याच्या कडेला चिकटून उभे राहा, लोंढा संपला की ‘मी आतलाच आहे’ असं ओरडत पहिले चढा. बाहेरून चढणाऱ्यांनी अशा माणसाला आधी जाऊ द्यायचं असतं. त्याची सीट, सांगितलेली असली तरी, तेवढ्या वेळात गेलेली असेल, त्यावर मात्र उपाय नाही.

एसी लोकलमध्ये हे गणित थोडं बदलतं. २५ डिसेंबर २०१७ला पहिली एसी लोकल बोरिवलीहून चर्चगेटला सुटली, तेव्हापासून लोकांना कळलंय की आपोआप बंद होणारं दार कोणासाठी थांबत नाही. दारात कोणी लटकू शकत नाही, पण दारात सॅक किंवा माणूस अडकला तर आख्खी गाडी थांबते. तिथे एक स्टेशन आणखी लवकर उठा, आणि आत जागा नसेल तर दारात पाय घालून चढू नका. पुढच्या गाडीची वेळ इंडिकेटरवर लागलेली असते.